रंग उतरवणाऱ्या विशाखाबाई

शंकरप्पांच्या शेडमध्ये मोटारसायकलींना रंग मारणारे चौघं होते आणि रंग काढणारी एकटी विशाखा. शेड नांदेडला, लातूर फाट्याजवळ. पुढच्या बाजूला रंग भाजायची भट्टी, फवारणीच्या गनची खोली, तयार माल टांगायचे हूक. गिऱ्हाईक तिथं यायचं, फोटो काढायचं, चकाकत्या टाकीत तोंड बघायचं. मागं पत्र्याच्या आडोशाला विशाखा बसायची. तिकडं कुणी फिरकत नव्हतं, कारण तिथला वास नाकात गेला की दिवसभर चहाला चव लागत नसे.

गाडी सुटी झाली की चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा, मागच्या चाकाचा चिमटा, स्टँड, मडगार्ड सगळं आधी तिच्याकडं यायचं. जुना रंग निघाल्याशिवाय नवा नीट धरत नाही. ती ब्रशनं रिमूव्हर लावायची, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळायची आणि पंधरावीस मिनिटं थांबायची. रंग आतून फुगायचा आणि दुधावर साय धरावी तसा सुरकुत्या पडून वर यायचा. तो पत्रीनं, खरवडायच्या पात्यानं, ओढून काढायचा. वेल्डिंगच्या सांध्यात आणि नळ्यांच्या बेचक्यात चिकटून बसलेला तारेच्या ब्रशनं घासायचा. मग पाणी, कोरडं फडकं, थिनरचं फडकं, आणि लगोलग प्रायमर, कारण उघडं लोखंड दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, तांबडं पडायला लागतं. ॲल्युमिनियमचे भाग तेवढे वेगळे ठेवायचे. एका शहाण्यानं तिचं न ऐकता दोन ब्रॅकेट कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकले होते. जेवून येईपर्यंत टाकी फेसानं भरली आणि ब्रॅकेट सुपारीएवढे उरले.

हिमायतनगर तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. वडील मारोती पाईकराव रेल्वेत गँगमन होते. दहावीनंतर नातेवाइकांनी शिवणकाम सुचवलं, तर तिनं आयटीआयला पेंटरचा ट्रेड घेतला. वर्गात ती एकटीच मुलगी. लग्न होऊन नांदेडला आली, नवरा आनंदराज गजभारे शहरात ऑटो चालवायचा. सर्टिफिकेट घेऊन ती सात-आठ ठिकाणी फिरली. कुणी उभंच केलं नाही. शंकरप्पा उदगीरकडचे, कपाळाला विभूती लावणारे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, “गन मारायला माणसं हायत माझ्याकडं. तू काढायला बस. पुढं बघू.”

ते पुढं काही आलं नाही. अकरा वर्षं ती काढतच राहिली.

म्हणून ती खाली मान घालून बसलेली बाई होती असं कुणी समजू नये. पहिल्याच उन्हाळ्यात तिला भांडी घासायचे पातळ हातमोजे दिले होते. रिमूव्हरनं ते तासाभरात विरघळले आणि मनगटावर रुपयाएवढा फोड आला. तिनं ते चिकट झालेले मोजे उचलून शंकरप्पांच्या टेबलावर, देवाच्या फोटोशेजारी ठेवले आणि शेडबाहेर लिंबाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, परत लिंबाखाली बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. मागं चेशांचा ढीग लागला, पुढं गनवाले हात चोळत बसले. चौथ्या दिवशी लांब बाह्यांचे जाड रबरी मोजे आणि चष्मा आला. शंकरप्पा म्हणाले, “तोंडानं मागायचं की.”

“तोंडानं चार बार मागितलं,” विशाखा म्हणाली आणि मोजे घालून कामाला लागली.

रंग काढता काढता तिला गाड्या वाचता यायला लागल्या. सर्वांत खाली कंपनीचा काळा, त्यावर मालकाच्या लग्नातला लाल, त्यावर कुठल्या तरी निवडणुकीतला भडक रंग. गाडी कुठल्या बाजूला पडली, चेसी किती वेळा सरळ केली, कुठं वेल्डिंग मारलं, हे सगळं तिला दिसायचं. नंतर त्यावर प्रायमर बसायचा आणि जगात दुसऱ्या कुणाला ते दिसायचं नाही. गाडीच्या मालकालाही नाही.

शेडचं निम्मं काम लातूरच्या रविकिरणकडून यायचं. रविकिरण जुन्या गाड्या घ्यायचा, सुट्या करायचा, रंगवून जोडायचा आणि नव्यासारख्या करून विकायचा. माणूस गोड बोलणारा, बोटात दोन अंगठ्या. त्याच्या टेंपोतून एका वेळी आठ-दहा चेशा यायच्या. प्रत्येकीला तारेनं बांधलेली पत्र्याची चिठ्ठी असायची, तिच्यावर गाडीचा नंबर. माल उतरला की विशाखा ते नंबर रविकिरणला फोनवर लिहून पाठवायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर असाच एक लॉट आला. त्यात एक चेसी गडद जांभळ्या रंगाची होती. हँडल जिथं फिरतं त्या कोनसेटच्या नळीखाली रंग जरा जाडच वाटला. विशाखानं रिमूव्हर लावला. रंग सुटला आणि खाली पिवळट, खडूसारखं काही तरी निघालं. तिनं पत्री टेकवली. लांबी होती, खड्डे बुजवायची पुट्टी. टाकीला पोचा पडला, मडगार्डला खड्डा पडला, तर लांबी भरतात. पण चेसीच्या नळीवर लांबी भरायचं काही कारण नसतं. ती भराभर खरवडत गेली. खाली वेल्डिंगचा वेडावाकडा गोळा होता. आणि त्या वेल्डिंगला बगल देऊन एक बारीक भेग निघाली होती, अंगठ्याच्या पेराएवढी, नळीच्या खालच्या अंगाला.

तिनं खडूनं गोल केला आणि शंकरप्पांना बोलावलं. ते चष्मा लावून वाकले आणि भेगेवरून बोट फिरवलं.

“वेल्डिंगचं काम आपलं न्हाई,” ते म्हणाले. “आपलं रंगाचं.”

“आप्पा, ही जागा तुटली की हँडल हातात येतंय अन् गाडी मागं राहतीय. चालवणारा तोंडावर पडतोय.”

“मला काय मालूम न्हाई का? थांब, त्याला इचारतो.”

त्यांनी रविकिरणला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रविकिरण हसला. “आप्पा, गाडी दोन वर्षं तशीच फिरलीय की. लांबी भरा अन् काळा मारा. परवा टेंपो पाठवतो.”

विशाखा फोनकडं तोंड करून म्हणाली, “भाऊ, ही चेसी भंगारात घाला. हिच्यावर रंग चढवायचा न्हाई.”

“कोण बोलून राहिलंय?”

“विशाखा. रंग काढणारी.”

“मग काढा की. मारायचं कुणी सांगितलंय तुमाला?”

फोन बंद झाला. शंकरप्पांनी चष्मा खिशात घातला. “विशाखा, निम्मं काम त्याचं हाय. चार घरं चालतेत ह्या शेडवर. तू तुझं काम केलंस. आता ती पुढं दे.”

“मी न्हाई देणार.”

“दुसरा कोणी उचलून नेईल.”

“नेऊ द्या. माझ्या हातानं जायची न्हाई.”

गनवाल्यांपैकी एकानं खाली मान घालून चेसी उचलली. साधी लांबी भट्टीच्या उष्णतेत टिकत नाही, फुगून फुटते. म्हणून बाकीच्या नऊ चेशा पावडरचा रंग मारून भट्टीत गेल्या आणि ही एक तेवढी बाहेरच ठेवून गननं काळी केली. विशाखा आडोशाला उभी राहून बघत होती. खडूचा गोल, भेग, वेल्डिंग सगळं गेलं. चेसी इतकी देखणी दिसायला लागली की तिला तिचा राग आला.

तिनं चष्मा काढून खिळ्याला अडकवला, मोजे त्याच्याखाली ठेवले, हात धुतले.

“कुठं निघालीस?” शंकरप्पांनी विचारलं. “अकरा वर्षं झाली तुला हितं.”

“हाव. अकरा वर्षं मी तुमच्यासाठी उघडं केलं. तुमी ही एक भेग झाकली म्हणजे आधीच्या किती झाकल्या ते मला आता ध्यानात येऊन राहिलंय.”

शंकरप्पा भट्टीकडं वळले. तीही मागं न बघता निघाली.

घरी आनंदराजनं ऐकून घेतलं. तो भांडखोर नव्हता, दिवसभर रस्त्यावर वाद टाळून ऑटो चालवणारा माणूस होता. “केलंस ते बरं केलंस,” म्हणाला, “पण आता ते डोक्यातून काढ.” विशाखानं काढायचा प्रयत्नही केला. बारा दिवस तिनं घर धुतलं, डबे घासले, सासूच्या लोखंडी पेटीचा जुना रंगसुद्धा खरवडून काढला. तेराव्या दिवशी सकाळी फोन बघता बघता रविकिरणच्या दुकानाची आठ दिवसांपूर्वीची पोस्ट समोर आली. दुकानापुढं काळीभोर मोटारसायकल, तिला हार, नारळ. शेजारी टोपीतला एक म्हातारा, त्याची बायको आणि मधोमध चावी धरून हसणारी चोविसेक वर्षांची मुलगी. खाली लिहिलं होतं, शिरूर अनंतपाळचे किराणा दुकानदार धोंडप्पा यांच्या कन्या अंजू यांचं हार्दिक अभिनंदन. नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती. पत्र्याच्या चिठ्ठीवरचा तोच नंबर.

तिनं फोन आनंदराजपुढं धरला.

“आपुन काय करणार?” तो म्हणाला. “आपुन ना विकणारे, ना घेणारे. उद्या तुझ्यावरच उलटंल.”

चुलीपाशी सासू धुरपताबाई भाकरी थापत होत्या. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली, कुणाच्या दारात आवाज खाली न केलेली बाई. त्यांनी हात थांबवला नाही. “तू डोळ्यानं पाह्यलंस का ती भेग?”

“पाह्यली. बोट लावलंय.”

“मग हितं बसून काय करून राहिलीस? भाकरी बांधून देते, जा.”

लगेच मिळालेल्या एस.टी.नं ती लातूरला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं शिरूर अनंतपाळला उतरली. पिशवीत पत्री, फडकी आणि भाकरी. थिनर एस.टी.त नेता येत नाही, म्हणून तिथल्याच हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा लिटर घेतलं आणि त्याच दुकानदाराला धोंडप्पाचं घर विचारलं.

गाडी अंगणात शेवग्याच्या सावलीला उभी होती. हाराची फुलं वाळली होती, पण काढली नव्हती. अंजू जवळच्या उपकेंद्रावर नव्यानं आरोग्यसेविका म्हणून लागली होती. गावोगाव फिरायचं काम. स्कूटी नको, खडबडीत रस्त्याला मोटारसायकलच पाहिजे, असं तिनंच बापाला सांगितलं होतं. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून घरी होती.

विशाखानं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि आली त्याचं कारण आडपडदा न ठेवता सांगितलं. धोंडप्पा पायरीवरून उठले.

“तुमी काय म्हनालाव, मला उमजंना. गाडी नवीकोरी दिसालीय. आठ दिस झालं पोरगी फिरवालीय.”

“दिसायला लई चांगली हाय, काका. दिसायचंच काम केलंय तिचं.”

धोंडप्पांनी रविकिरणला फोन लावला. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. धोंडप्पांची मान हलत गेली. फोन ठेवून ते म्हणाले, “ते म्हनालेत, ही बाई कामावरनं काढलेली हाय. राग काढाया फिरालीय.”

“काढलं न्हाई. मी सोडलं. ह्याच चेसीपायी सोडलं.”

एव्हाना शेजारचे ईश्वरप्पा कुंपणाशी आले होते, आणखी दोघंतिघं थांबले होते. ईश्वरप्पांनी विशाखाला वरखाली बघितलं. “कुठल्या म्हनं तुमी? आडनाव काय?”

हा प्रश्न कशासाठी असतो ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं आवाज जरा मोठाच केला. “गजभारे. माहेरची पाईकराव. आमी बौद्ध हाव. आता आडनाव कळलं, तर गाडीकडं बघू. आडनावानं काय ती भेग बुजत न्हाई.”

ईश्वरप्पा खाकरले आणि दुसरीकडं बघायला लागले. धोंडप्पांची बायको महानंदा आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि विशाखाच्या हातात दिला. “घ्या. उन्हातनं आलाव.”

पाणी पिऊन विशाखा अंजूकडं वळली. “ताई, चेसीचा नंबर कोनसेटच्या नळीवर कोरलेला असतोय. रंग काढताना तो घासला जाऊ नये म्हणून आमी जपतो, त्यामुळं ध्यानात राहतोय. शेवटचे आकडे चार, एक, एक, सात. तुमीच वाचा.”

अंजू हँडल वळवून खाली वाकली. मोबाइलचा उजेड पाडला. “चार, एक, एक, सात,” तिनं हळू वाचलं.

“नंबर तर कुणीबी पाठ करंल,” कुंपणापाशी कुणी तरी म्हणालं.

“करंल,” विशाखा म्हणाली. “म्हणून दुसरं दाखवते. भट्टीतला रंग असला तर थिनरनं असा सहज सुटत न्हाई. रविकिरणच्या समद्या चेशा भट्टीत जातेत. ही गेली न्हाई, कारण लांबी भट्टीत फुटती. हिला गननं मारलंय.” तिनं फडक्यावर थिनर ओतलं आणि ते अंजूला दिलं. “तुमीच पुसा. कोनसेटखाली. माझ्या हाताची शंका नको.”

अंजूनं चारदा फडकं फिरवलं. उचललं तर काळंकुट्ट झालेलं.

धोंडप्पांचा चेहरा पडला, पण गाडी खराब होईल ही भीतीही होतीच. पोरीच्या पहिल्या नोकरीची गाडी, हारही अजून न उतरवलेली. विशाखानं त्यांना सरळ सांगितलं, “चार बोटं जागा मला खरवडू द्या. खाली काय निघालं न्हाई तर माझ्या पदरचा रंग लावून, पाया पडून जाते. अन् निघालं तर मला कायबी नको, फक्त ह्या पोरीनं ह्याच्यावर बसायचं न्हाई.”

धोंडप्पा घोटाळले. अंजूच म्हणाली, “काढा. बसायचं मला हाय.”

विशाखानं भिजलेलं फडकं नळीभोवती गुंडाळलं आणि थोडा वेळ थांबली. मग तिनं पत्री टेकवली. काळा रंग मऊ होऊन पत्रीवर आला, त्याखाली करडी लांबी, तीही दाबावी तशी सुटत गेली. शेवटी तिनं कोरड्या फडक्यानं जागा पुसली आणि बाजूला झाली.

वेल्डिंगचा गोळा सगळ्यांना दिसला. भेग बघायला मात्र वाकावं लागत होतं. विशाखा स्वतः वाकली आणि भेगेला अंगठा लावून बघितला. शेडमध्ये तिनं बघितली तेव्हा ती पेराएवढी होती. आता दोन पेरं होऊन नळीच्या कडेनं वर चढली होती. आठ दिवसांत, खड्ड्यांच्या रस्त्यावर.

अंजूनं नखाची कड त्या भेगेत घातली. नख आत गेलं. ती सरळ उभी राहिली आणि ओढणीनं हात पुसत राहिली. “काल साकोळच्या वाटंवर दोन बायांना मागं बसवून आणलं मी,” ती म्हणाली. “एकीला सातवा महिना हाय.”

धोंडप्पा परत पायरीवर जाऊन बसले. टोपी काढली, घातली. मग ईश्वरप्पांना म्हणाले, “तुझा टेंपो हाय का रिकामा?”

ईश्वरप्पांनीच पुढं होऊन गाडी टेंपोत चढवली, आणि धोंडप्पा, अंजू, विशाखा तिच्याबरोबर बसले. दुपारी चारच्या सुमाराला ती लातूरला रविकिरणच्या दुकानापुढं उतरली. अंजूनं ती मुद्दाम अशी उभी केली की खरवडलेली जागा रस्त्याकडं यावी. दुकानात गाड्या बघायला आलेली माणसं बाहेर आली. रविकिरण आला तो हसतच आला, पण विशाखाला बघितल्यावर त्याचं हसू थांबलं.

“बाई, तुमाला काम पाहिजे होतं तर माझ्याकडं यायचं.”

“काम हाय माझ्याकडं. तेच करून राहिले.”

तो धोंडप्पांकडं वळला, काका-काका करायला लागला. चूक मेकॅनिकची, आपल्याला माहीतच नव्हतं, आत्ताच्या आत्ता पैसे परत देतो किंवा दुसरी गाडी न्या, ही आम्ही ठेवून घेतो. धोंडप्पांना ते पटत चाललं. पैसे परत मिळत होते, भांडण मिटत होतं. त्यांनी अंजूकडं बघितलं.

विशाखा मध्ये आली. “ही गाडी ठेवून घेतो म्हणजे काय करता?”

“ते आमचं आमी बघू.”

“तसं न्हाई. ही परत शेडला जाईल, परत लांबी भरंल, परत काळी होईल, अन् औसा न्हाई तर निलंग्याच्या कुणाच्या पोरीला हार घालून दिली जाईल. चेसी हितं कापा. आमच्यासमोर.”

रविकिरणचा गोडवा संपला. “माझा माल हाय. तू कोण सांगणार मला?”

“रंग काढणारी. तवाबी सांगितलं होतं फोनवर.”

बघ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक जण आपण परवाच घेतलेल्या गाडीच्या कोनसेटखाली हात घालून चाचपायला लागला. ते बघून दुसराही वाकला. रविकिरणनं ते बघितलं. अंजू दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “मी पैसे घेत न्हाई. चेसी कापल्याबिगर उठतबी न्हाई. माझी सुट्टी हाय आज.”

तासभर तसाच गेला. रविकिरणनं कुणाकुणाला फोन केले, आत गेला, बाहेर आला. गिऱ्हाइकं थांबून बघत होती, आत कुणी जात नव्हतं. शेवटी त्यानं आपल्याच मेकॅनिकला हाक मारली. इंजिन, चाकं, टाकी उतरवायला आणखी तास गेला. मग उघड्या चेसीला कटर लागला. ठिणग्या उडाल्या, आणि भेगेपाशी आल्यावर कटर पूर्ण फिरायच्या आधीच नळी मोडून खाली पडली. मेकॅनिकनं कटर बंद केला आणि तो तुकडा हातात धरून बघत राहिला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग जुना, गंजून तपकिरी पडलेला होता. चकाकतं लोखंड उरलेल्या निम्म्यातच होतं.

धोंडप्पांनी पैसे घेतले. दुसरी गाडी घ्यायला अंजू तयार नव्हती असं नाही, पण म्हणाली, “आता जी घेईन ती आधी उघडी बघून.” आणि विशाखाचा नंबर लिहून घेतला.

इथपर्यंत सांगितलं की लोकांना वाटतं, मग पुढं सगळं चांगलंच झालं असेल. तसं झालं नाही. रविकिरणनं नांदेडच्या प्रत्येक रंगवाल्याला फोन केला. पुढचे चार महिने विशाखाला कुठं काम मिळालं नाही. एका गॅरेजवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, “ताई, तुमचा हात चांगला हाय, तोंड वाईट.” रविकिरणचं दुकान आजही चालू आहे. शंकरप्पांची शेडही चालते.

विशाखानं मग दुसऱ्याच्या दारात जायचं सोडून दिलं. सिडकोकडं राहत्या घरामागं मोकळी जागा होती. आनंदराजनं, डोक्यातून काढ म्हणणाऱ्या त्याच आनंदराजनं, दोन रविवार ऑटो बंद ठेवून तिथं पत्रे टाकले. सांडपाणी नालीत जाऊ नये म्हणून सिमेंटचा वेगळा खड्डा बांधला. महिला बचत गटातून कॉम्प्रेसर आला, आणि त्याच्याबरोबर गन. पहिल्यांदा गन हातात घेतली तेव्हा रंग इतका जाड बसला की ओघळ आले. आयटीआयमध्ये शिकलेलं सगळं हात विसरला होता. तिनं ती टाकी पाच वेळा मारली आणि पाच वेळा स्वतःच उतरवली. सहाव्यांदा जमली.

तिथं एक नियम तिनं पहिल्या दिवसापासून ठेवला. रंग काढून झाला की गाडीच्या मालकाला बोलवायचं. त्यानं यायचं, उघडी चेसी डोळ्यानं बघायची, हात लावायचा, मगच प्रायमर. मालक आला नाही तर चेसीला तेलाचं फडकं मारून ठेवायची, पण रंग नाही. लोकांना आधी हे लई झंझट वाटलं. पहिली आली ती अंजू, ईश्वरप्पांच्या टेंपोतून एक जुनी गाडी घेऊन. ती लोखंडाची प्रत्येक नळी बघून, दोन जागी विशाखाला प्रश्न विचारून, जेवून गेली. त्यानंतर तिच्याबरोबरच्या आरोग्यसेविकांच्या गाड्या आल्या. मग एका पोस्टमनची, मग दूध घालणाऱ्या दोघा भावांची. ज्यांना रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरावं लागतं ती माणसं यायला लागली. नंतर नंतर जुनी गाडी घेण्याआधीच काही जण विशाखाला बरोबर घेऊन जायला लागले. ती पत्रीनं नखाएवढी जागा खरवडायची, बघायची आणि हो किंवा नाही सांगायची. विकणाऱ्यांना ती दारात नको वाटायची.

गेल्या महिन्यात असाच एक व्यापारी सहा चेशा घेऊन आला. पांढऱ्या शर्टातला, घाईतला. म्हणाला, मालक-बिलक कुणी नाही, सगळा माल माझाच, तुमचा रेट दुप्पट घ्या, पण उघडं दाखवायचं आणि लोकांना बोलवायचं तेवढं सोडा.

विशाखा मडगार्डवर रिमूव्हर लावत होती. “दाखवल्याबिगर रंग न्हाई,” ती म्हणाली. “मालक तुमी असाल तर तुमी थांबा. तुमालाच दाखवते. अन् काय निघालं तर चेसीवर पंचनं खूण मारणार. ती खूण रंगानं बुजत न्हाई.”

“अशानं तुमचा धंदा बसंल, बाई.”

“बसला होता चार महिने. उठला.”

“अन् आमच्या धंद्याचं काय?”

तिनं मोज्यातला हात उचलून टेंपोकडं दाखवला. “उचला मग. समद्या उचला.”

तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं ड्रायव्हरला खूण केली. सहापैकी चार चेशा परत टेंपोत चढल्या. दोन त्यानं का कोण जाणे तिथंच ठेवल्या, आणि सावलीतलं स्टूल ओढून, तोंड वाकडं करून, वाट बघत बसला. विशाखानं त्याच्याकडं बघितलंही नाही. मडगार्डवरचा रंग फुगायला लागला होता. तिनं पत्री उचलली.